पायरीवरचं पॉसम

बायबल मंडळाच्या बायका दोन वाजता यायच्या होत्या, आणि एक वाजता नादीनच्या पायरीवर पॉसम मरून पडलेलं! लांब शेपटीचं रानटी जनावर, चांगलं मांजराएवढं धूड. तोंड वासलेलं, लाळ गळतेय, आणि वास असा की कालचं जेवण वर यावं.

"डेलबर्ट!" नादीन किंचाळली.

नवरा कॉफीचा मग घेऊन सावकाश बाहेर आला. "मेलेलं नाही गं ते. कुत्र्याला घाबरून मेल्याचं सोंग घेऊन पडलंय. कुत्र्याला आत घे, आपणही आत जाऊ. आसपास कोणी नाही असं वाटलं की जाईल आपोआप."

"एवढा वास मारतोय आणि म्हणे मेलेलं नाही!"

"वासपण तेच सोडतं."

"आपोआप म्हणे! नळ आपोआप थांबणार, पन्हळ आपोआप नीट होणार! बत्तीस वर्षं हेच ऐकतेय मी!"

तिचा जीव वरखाली होत होता, त्याला कारण होतं. अकरा वर्षांत मंडळ पहिल्यांदाच तिच्याकडे येत होतं. चर्चच्या वार्षिक मेळाव्याचं जेवण यंदा कोणाच्या हाती द्यायचं, ते मंडळाच्या प्रमुख मिस युडोरा आज ठरवणार होत्या. दरवर्षी मंडळातल्या ओपलचं ते कोरडं ठणठणीत हॅम गिळताना नादीन त्या मानासाठी झुरायची.

दर पाच मिनिटांनी ती दार उघडून बघे. पॉसमचा कान जरा कुठे हलायला लागलेला असे, तो तिची चाहूल लागताच पुन्हा गार.

"तूच उठू देत नाहीयेस त्याला," डेलबर्ट म्हणाला.

"तू गप्प बस!"

शेवटी तिने फावड्याने ते एका खोक्यात सारलं आणि गुलाबापाशी खड्डा खणायला घेतला. तेवढ्यात मिस युडोरा उगवल्या, वीस मिनिटं आधीच. मागे झाकलेली भांडी घेऊन सहा बायका.

"नादीन, कोण गेलं गं?"

नादीनची पाचावर धारण बसली. "पॉसम... कुठून तरी आलं आणि मेलं बिचारं."

"आणि प्रार्थनेशिवाय मातीत घालतेस? छे छे! म्हण तूच."

भांडी गवतावर ठेवून सगळ्यांनी डोळे मिटले. नादीन दातओठ खात म्हणाली, "देवा, या जिवावर दया कर, आणि माझ्यावरही कर. आमेन."

मग मूक प्रार्थना. मिस युडोरांची मूक प्रार्थना म्हणजे दहा मिनिटांची निश्चिंती. कोणी हलेना की बोलेना. पॉसमने डोळे उघडले, अंग झटकलं, खोक्यातून बाहेर आलं आणि मिस युडोरांच्या बुटांवरून दुडूदुडू कुंपणापलीकडे निघून गेलं.

"उठलं! मेलेलं उठलं!" मिस युडोरा किंचाळल्या.

"मेलेलं नव्हतंच हो! सोंग घेतात ती!" नादीन कळवळून म्हणाली.

"ऐंशी वर्षं पॉसम बघतेय मी. सोंग घेणाऱ्याला असा मेल्याचा वास येतो होय? काय ही नम्रता!" त्यांनी डोळे पुसले.

"आणि... मेळाव्याचं जेवण?"

"ते करेल गं ओपल. तुझ्यासारखीने चुलीपुढे घाम गाळायचा? तू आता आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. उद्या सकाळी माझी लंगडी शेळी घेऊन येते."

नादीनने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तो तिने पाहुण्यांसाठी भाजलेल्या गोड 'पेकन पाय'चा दुसरा तुकडा कापत होता.

ओपल हळूच जवळ सरकली आणि कानाशी लागली, "नादीन, माझा गुडघा आत्ताच बघतेस का?"