ढवळे भाऊसाहेबांचा बॅकअप

परंड्यात कॉम्प्युटर माझ्याइतका जवळनं कुणीच बघितला नसंल. रोज सकाळी फडकं मारताना त्येच्यावर नाक टेकवतो. चालू कुठनं व्हतो ते मातर अजून सापडलं न्हाय.

म्या कॉलेजचा शिपाई सोपान. कॉम्प्युटरवर बसत्यात ते ढवळे भाऊसाहेब, आमचे क्लार्क. ह्या माणसाला बॅकअप घेतल्याबिगर जेवण जात न्हाय. मेलच्या खाली नाव-हुद्दा आपोआप उमटतो ती सही, आन दोन अक्षरं दाबली की आख्खं वाक्य पडतं ती सोय, हे समदं त्येंनी वर्सानुवर्सं बसून बसवलंय. 'मह' दाबलं की 'महोदय, वरील विषयास अनुसरून' हजर! दर शनिवारी त्येची नक्कल दोन पेनड्राईव्हवर. एक कपाटात, दुसरा माझ्या घरी.

"एका छताखाली दोन ठिवले तर तो एकच झाला, सोपान."

माझ्या डब्यात दोन भाकरी दिसल्या तरी इचारत्यात, "ही बॅकअपची व्हय?"

एकदा धाराशिवच्या मोठ्या हापिसाला पत्र गेलं: 'सोबत पप्पा, गोळी घेतली का? जोडला आहे.' भाऊसाहेब 'गोषवारा' लिहीत व्हते, 'गो' दाबल्यावर हे पडलं. प्राचार्यांनी ते मोठ्यानं वाचलं म्हणून मला कळलं.

"आजच्या आज काढून टाका!"

"व्हय सर," भाऊसाहेब म्हणले, आन काढलं न्हाय.

का काढलं न्हाय म्हणून म्या इचारलं तवा म्हणले, "लेकीनं घातलंय, हितं यायची तवा. माझ्या बीपीच्या गोळीसाठी. पुढं तिनं मनानं लग्न केलं. म्या नको ते बोललो. तीन वर्सं झाली, बोलत न्हाय."

"पर चार शब्दासाठी एवढा बॅकअप? गेलं तर परत टाईप करायचं."

"म्या केलं तर ते माझं झालं. हे तिनं केलंय."

आन एक दिवस कॉम्प्युटर बसला. मेकॅनिकनं समदं पुसून नवं भरलं. कपाटातला पेनड्राईव्ह काय उघडंना. मग सगळे माझ्याकडं बघाय लागले.

माझा पेनड्राईव्ह शनिवारपासनं शर्टाच्या खिशातच व्हता. शर्ट दोरीवर व्हता. सकाळीच म्याच बडवून धुतला व्हता, कारण बायकोनं माझी कापडं धुणं कवाच सोडलंय. पळत जाऊन पेनड्राईव्ह आणला. पाणी टपकत व्हतं.

"घाम आला असंल," म्या म्हणलं.

कुणी हासलं न्हाय. भाऊसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्येंनी तो रुमालात घेतला, खिडकीत उनाला ठिवला. दोन दिवस डबा तिथंच खाल्ला, त्येच्याकडं बघत.

तिसऱ्या दिशी मेकॅनिकनं जोडला. लाल दिवा लागला. मेकॅनिक म्हणला, "आलं सगळं, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी सही बघितली न्हाय, 'मह' बघितलं न्हाय. एका बोटानं 'गो' दाबलं.

'पप्पा, गोळी घेतली का?'

त्येंनी खिशातनं गोळी काढली, तळहातावर ठिवली. पडद्याकडं बघत बसले.

मला ऱ्हावलं न्हाय. "एवढं करण्यापरीस लेकीला एक फोन लावा की, भाऊसाहेब."

"रोज लावतो. ती उचलत न्हाय. तुझं शहाणपण ऱ्हाऊ दे, पाणी आण."