ठमीची गुटी

अप्पा घैसास कोंबडीला चांदीच्या बोंडल्यानं गुटी पाजत. तान्ह्या बाळाला देतात तीच. वेखंड, हळकुंड, जायफळ. सहाणेवर उगाळून, दुधात कालवून.

स्वतः ते अंडं खात नसत. चातुर्मासात त्यांच्या घरी कांदाही वर्ज्य. पण विमा कचेरीतून जयपूरला बदली झाली, कुणीतरी त्यांच्या हातात कुक्कुटपालनाचं सरकारी पत्रक दिलं, आणि तिलक नगरातल्या आमच्या सामाईक अंगणात पांढऱ्या कोंबड्या फिरू लागल्या. अप्पांना काहीही वाचायला देणं धोक्याचं होतं.

त्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. बऱ्याच कोंबड्या गेल्या. उरलेल्या लटपटत होत्या. ठमी नावाच्या, अजून अंड्यावरही न आलेल्या तलंगेची मान अशी पिळवटली की चोच दाण्याऐवजी आभाळाकडे जाई.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "घैसास साहब, बाकी बच जाएँगी। ये नहीं बढ़ेगी, इसे हटाइए।"

"डॉक्टरजी, ताकद आतून आली पाहिजे! अंदर से!" अप्पा गरजले. हे त्यांचं आवडतं वाक्य. विम्याचा हप्ता चुकवणाऱ्यालाही ते हेच ऐकवत.

मग सुरू झाला खुराक. माशाचं तेल, ठेचलेला लसूण, दही, मोड आलेली बाजरी, माणसांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड. अंगणाला असा वास सुटला की आम्ही रात्रीच्या उकाड्यातही खिडक्या लावून बसू लागलो. अप्पा मात्र कचेरीतून मधल्या सुट्टीत सायकल दामटत येत, टोपीसुद्धा न काढता ठमीला मांडीवर घेत, तिची मान तळहातावर तोलत आणि थेंब थेंब पाजत. पाजून झालं की येरझारा. पुन्हा वाकून पाहणं. पुन्हा येरझारा.

समोरचे शर्माजी फाटकातून ओरडत, "अप्पाजी, मेरे लड़के को भी गोद ले लो!"

"मला ताप आला तेव्हा ह्यांनी सुंठसुद्धा उगाळली नाही," काकू म्हणाल्या.

"तुझी मान सरळ होती," अप्पा म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून गेले.

मी हसून काकूंना विचारलं, "पण चांदीचं बोंडलं कशाला?"

"नातवासाठी घडवलं होतं." काकू बाजरी निवडत राहिल्या. "गुटीच्या सामानासकट पार्सल परत आलं. जावई डॉक्टर आहेत. बाळाला असलं काही द्यायचं नाही म्हणाले. बरोबरच असेल त्यांचं. बाळ अजून पाहिलं नाही आम्ही. ह्यांनी दोनदा रजा टाकली होती. तिकडून 'आत्ता नको' असं आलं."

नंतर ठमी सुधारली. गुटीनं, गोळ्यांनी की निव्वळ हट्टानं, देव जाणे; यशाचं श्रेय अप्पांनी पत्रकाला दिलं आणि गुरांच्या डॉक्टरांनी स्वतःला. एका दुपारी मी अंगणात होतो. अप्पा नेहमीसारखे धापा टाकत आले, गुटी उगाळली, आणि मांडी घालून हाका मारू लागले, "ये गं ठमे, ये."

ठमीनं मान जराशी तिरपी करून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती भिंतीकडे गेली आणि इतर कोंबड्यांत घुसून आपली आपण दाणे टिपू लागली.

अप्पा बराच वेळ बोंडलं धरून बसले. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हिला आता नको म्हणे."