पंगतीचा विस्तव

"पंचायले जेवन घातलं का झालो आपन जातीत. त्यात काय एवढं!" गोवर्धन बायकोला छाती ठोकून सांगत होता.

ऐट का नसावी? साता समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्याच तोऱ्यात तो अमरावतीला मुंबईच्या परजातीच्या दलालाच्या पंगतीला बसला, गाडीवानानं गावी नांदगावात येऊन ते सांगितलं आणि पंचांनी त्याला वाळीत टाकलं. 'वाळीत' हा खरं तर गोवर्धनचाच लाडका शब्द. धाकट्या भावानं, सहदेवनं, कुर्बान पिंजाऱ्याकडं भाकरी खाल्ली तेव्हा "टाका वाळीत" म्हणून आधी तोच ओरडला होता. आई गेली तेव्हा सहदेवला तिरडीला हातही लावू दिला नव्हता. वाळीत म्हणजे चावडीवर बोलायचा शब्द, एवढंच त्याला ठाऊक होतं.

दंडाचं जेवण घेऊन त्याला जातीत परत घ्यायला पंच कबूल झाले. चुली मांडल्या, तूप आलं, आणि पाहतो तर घरात विस्तवच नाही! चकमक कापसाच्या ढिगाखाली गडप. शेजारी मागावा, तर वाळीतल्या माणसाला निखारा देणार कोण? जानराव पंचानं दार लावून घेतलं. शेजारच्या पार्बताबाईनं तर तो येताना पाहून स्वतःच्या पेटत्या चुलीवर पाणी ओतलं! आढ्यापर्यंत कापूस आणि पेटवायला ठिणगी नाही. गोवर्धनला रडूच कोसळलं.

शेवटी तो सहदेवच्या झोपडीत गेला. सहदेवनं खापरात निखारे भरून दिले.

"दादा, पंगतीत माह्यासाठी एक शब्द टाकजो. पोरीले कोनी खेळाले घेत नाई."

"आजच बोलतो," गोवर्धन म्हणाला, आणि तो खरंच बोलणार होता.

पंचांनी आडवा हात मारला. हात धुताना जानरावनं विचारलं, विस्तव कुठून आणला? खरं सांगावं तर अख्खी पंगतच वाळीत! मग वाळीत टाकायला गावात उरणार कोण? त्याला हसूही येत होतं. पण सगळी तोंडं त्याच्याकडं वळली.

"गोसाव्याच्या धुनीतून," तो म्हणाला.

साधूचा पवित्र विस्तव म्हणून पंच खूश झाले. त्याला जातीत घेतलं, विडा दिला. आता सहदेवचं नाव काढावं, तर विस्तवाची गोष्ट बाहेर येणार. त्यानं विडा तोंडात कोंबला.

संध्याकाळी उरलेलं अन्न घेऊन तो भावाच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याला मान वर करवेना. सहदेव काय ते समजला. भांडला नाही, रागावला नाही.

"जाय दादा घरी," तो म्हणाला. "कोनी पाह्यलं त पुन्हा वाळीत टाकतीन तुले."

गोवर्धन निघाला. कोणी पाहिलं नाही ना, तेवढं मात्र त्यानं नीट बघून घेतलं.