इंग्लंड उजवीकडे गेलं तो रविवार

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज! गेल्या रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ अख्खं इंग्लंड रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवत होतं. तुम्ही झोपला असाल. मी जागा होतो.

आधी घरची परिस्थिती सांगतो. आमच्या निळ्या गाडीच्या डाव्या अंगाला पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडा. इतका लांब, की आमच्या रीडिंग गावात सुरू होऊन साउथहॅम्प्टनला संपावा! आणि माझ्या पंचाहत्तरीलाच आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे गिरीशने, बजावून ठेवलेलं, की बाबा, एक जरी चरा दिसला तरी चावी माझ्या खिशात. शनिवारी तो आणि सूनबाई चैत्राली जेवायला आले, ते गाडीभोवती फेरी मारूनच. गिरीशने आल्या आल्या खुंटीवरची चावी काढली आणि स्वतःच्या ताटाशेजारी ठेवली, लोणच्यासारखी. मंगळवारपर्यंत तरी ती चावी घरात राहायलाच हवी होती. म्हणून मी घडलं ते जसंच्या तसं सांगायचं ठरवलं.

"तू रविवारी अकराला उठतोस," मी गिरीशला म्हणालो, "तुला कुठून कळणार?"

सरकारचा गुपचूप प्रयोग होता तो. दीड तास उजवीकडून चालवून बघायचं. जमलं तर कायम, नाही तर कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी आपला दूध आणायला निघालो, शेजारच्या सीटवर आमची ही, अनुराधा. रस्त्यावर येतो तर काय, समोरची प्रत्येक गाडी थेट आमच्या अंगावर! शेजारचे मिस्टर पेंबर्टन ड्रेसिंग गाउनमध्ये फाटकाशी पुतळ्यासारखे उभे, हातातला चहा गार. चाळीस वर्षांत त्या माणसाने चहा गार होऊ दिलेला मी पाहिला नव्हता! बसचं दार भर रस्त्याच्या मधोमध उघडत होतं. म्हाताऱ्या बायका तिथेच उतरून ड्रायव्हरला थँक्यू म्हणत होत्या आणि अंगावर येणाऱ्या लॉरीला सॉरी.

हे न्यूजला कसं आलं नाही, असं चैत्रालीने विचारलं. मी म्हटलं, अगं, हा देश लाजेने मरेल, पण चुकलो म्हणणार नाही. गिरीश शांतपणे वरणभात कालवत होता. "पुढे?" एवढंच म्हणाला.

पुढे राउंडअबाउट! एरवी इथे आपण राउंडअबाउटला, चौकातल्या त्या गोलाभोवती, घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतो, म्हणजे चक्क प्रदक्षिणाच ती. त्या दिवशी सगळे उलटे फिरत होते. मीही उलटा वळणार, तेवढ्यात अनुराधाने स्टीअरिंगच धरलं. म्हणाली, उलटी प्रदक्षिणा घालायची नाही, काय वाट्टेल ते होवो. आता बायकोपुढे सरकारचं काय चालणार? आम्ही दोघं सुलटे आणि उरलेलं रीडिंग उलटं! सात फेऱ्या झाल्या. एकाने हॉर्न वाजवला असेल तर शपथ. सगळे जागच्या जागी थांबून एकमेकांना 'आफ्टर यू, आफ्टर यू' करत राहिले, त्यामुळे कुणालाच हलता येईना. त्या दाटीवाटीत एक व्हॅन आमची डावी बाजू खरवडत गेली. ड्रायव्हर बिचारा उतरून रडला. मीच त्याला रुमाल दिला.

गिरीशने ओरखड्याच्या दिशेला खिडकीतून एकदा पाहिलं. चावीवरचा त्याचा हात जरा सैल झाला होता. खरं तर मी इथेच थांबायला हवं होतं! पण गोष्ट रंगात आली की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही.

"आणि हिची अवस्था काय सांगू," मी म्हणालो, "डोळे गच्च मिटून अशी किंचाळत होती, की ग्लासगोला आपल्या लेकीला, नीनाला ऐकू गेलं असेल."

अनुराधा आमटी वाढत होती. तिने डाव पातेल्यात ठेवला.

"मी किंचाळत होते?"

"थोडंसंच," मी म्हणालो.

"अहो, कुठलं राउंडअबाउट आणि कुठली व्हॅन? आपल्याच गेटच्या खांबाला घासली गाडी. निळा रंग अजून आहे त्याच्यावर." तिने गिरीशच्या ताटाशेजारची चावी उचलली आणि कमरेला खोचली. "आणि गाडी मी चालवत होते. मंगळवारी माझी ड्रायव्हिंगची टेस्ट आहे. किंचाळत तुम्ही होतात."

अख्खा देश डावीकडून उजवीकडे गेला, तेव्हा गिरीशचा घास हातातल्या हातात थांबला नव्हता. आता थांबला.