दिघ्यांच्या घरातली बातमी फुटते

नंदकिशोर दिघे स्वतःला घाटकोपर पूर्वेचे एकमेव खाजगी गुप्तहेर म्हणवत. पश्चिमेला दुसरा कोणी असला, तर त्याची जबाबदारी ते घेत नसत. बँकेतल्या ऑडिटने आपल्याला घारीची नजर दिली, असं ते सांगत. चष्मा शोधायला मात्र ती घार शुभाला हाक मारी. निवृत्तीनंतर त्यांनी दोन प्रकरणं निकालात काढली होती आणि दोन्हींत मांजराला दोषी ठरवलं होतं. त्यातलं एक स्कूटरचोरीचं होतं.

शुभा त्यांची बायको आणि बिनपगारी सहायक. यावेळचं प्रकरण घरचंच असल्यामुळे तिला सुट्टीही नव्हती.

झालं होतं असं, की त्यांच्या मुलीचं, स्वरदाचं, वर्सोव्याच्या कृणालशी जमलं होतं. कृणालची आई सगुणा कोळीवाड्यातली बडी असामी, स्वतःच्या दोन बोटी. तिची अट एकच होती. आपल्या मोठ्या दिरांच्या कानावर आपण स्वतः घालेपर्यंत कुठे वाच्यता नको. घरात तिघांना आणि पुण्याला नंदकिशोरच्या भावाला, अनयला, एवढंच ठाऊक होतं.

तर समोरच्या विंगेतली सुलक्षणा शुभाला भाजीवाल्यापाशी म्हणाली, "अभिनंदन हं! आता काय, रोज पापलेट!"

शुभाच्या हातातली मेथी खाली पडली.

"अ‍ॅप!" नंदकिशोर गरजले. "आपले मेसेज वाचले जातायत. पेपर वाचत नाहीस तू. सगळ्या जगाचा डेटा विकला जातोय."

त्यांनी कुटुंबाला एका नव्या, अत्यंत सुरक्षित अ‍ॅपवर हलवलं. म्हणजे ते स्वतः गेले. तिथून त्यांनी शुभाला 'चहा' असा मेसेज पाठवला आणि तासभर वाट पाहिली. अ‍ॅप खरोखरच सुरक्षित होतं. तिथे कोणी नव्हतंच.

मग दुसरा सिद्धांत निघाला. फोन ऐकतो! खात्री करायला त्यांनी गॅलरीत फोन समोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला हत्ती विकत घ्यायचाय." हत्तीची जाहिरात आली, की कंपनी पकडली.

जाहिरात आली नाही. संध्याकाळी सुलक्षणा आली.

"भावजी, हत्ती ठेवणार कुठे? पार्किंगची आधीच बोंब आहे."

नंदकिशोरच्या डोळ्यांत विजेरी पेटली. "सुलक्षणा कंपनीला सामील आहे," दार लावून ते कुजबुजले.

"ती? तिला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही," शुभा म्हणाली. सुलक्षणाची मतं तिला पाठ होती. ज्याच्या मनात पाप, त्यालाच प्रायव्हसी लागते, असं ती नेहमी सांगे. आणि मग घरी जाऊन पडदे ओढून घेई.

तिसरा सिद्धांत मात्र महागात पडला. "घराणं जाळ्याचं, नोकरी नेटवर्किंगची," नंदकिशोर जेवताना म्हणाले. "कृणालच!"

स्वरदाने नको तो प्रश्न कृणालला विचारलाच. तो इतकंच म्हणाला, "तुला असं वाटतं? बरं." फोन बंद झाला. नंतर ना त्याचा मेसेज, ना हिचा. स्वरदा ऑफिसातून येऊन सरळ खोलीत जाऊ लागली. शुभाने एकदा दार ढकललं, तर पोरगी रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलेली. सुलक्षणाची बहीण वर्सोव्यात राहायची. तिच्यामार्फत बातमी सगुणाच्या दिरांपर्यंत पोचली, ते रुसले, आणि हे लग्न आता मोडणार असं शुभाला वाटू लागलं.

रविवारी दुपारी शुभाचा डोळा लागला होता. खालून कडाडून हाक आली.

"ओ भाऊ! ते उद्गारचिन्ह काढा आनि दार उघडा!"

शुभा धावत गॅलरीत आली. नंदकिशोर कठड्याला टेकून, फोन ओठांशी धरून पुतळ्यासारखे उभे. खाली कंपाउंडमध्ये कमरेवर हात ठेवून सगुणा. समोरच्या विंगेत झाडून सगळ्या खिडक्यांत डोकी.

"काय बोलत होतात?" शुभाने विचारलं.

"बोलत नव्हतो, टाइप करत होतो. बोटं जाड आहेत माझी. आपण बोलायचं, फोन लिहितो. अनयला गुप्त अहवाल देत होतो."

वर येऊन सगुणानेच तो म्हणून दाखवला. "प्रिय अनय स्वल्पविराम. वाचून पुसून टाक पूर्नविराम. सासूबाई तिखट वाटतात स्वल्पविराम पन सुरमई झकास पाठवतात उद्गारचिन्ह!" ती खुर्चीत बसली. "भांडायला आलेली मी. जिन्यापरेंत पोचायच्या आत राग गेला, बाय."

"हे रोज असं?" शुभा म्हणाली.

"दुपारी. तू झोपल्यावर. गॅलरीत रेंज चांगली येते." मग नंदकिशोरांना हुरूप आला. "पण मेसेजला कुलूप असतं! टोकापासून टोकापर्यंत सुरक्षित!"

"हो. सोसायटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत," शुभा म्हणाली.

स्वरदा आतून फोन कानाला लावून बाहेर आली. "सॉरी रे. तू नव्हतास. बाबा होते... नाही रे, हॅक नाही. तोंडाने." पलीकडून इतकं मोठं हसू आलं, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"दिरांचं काय?" शुभाने भीत भीत विचारलं.

"रुसलेत. मी सांगते त्यांना, मुलीचा बाप भोळा हाय, लबाड नाय. आनि दर्यावर हाक मारायला असा गला आमच्यात कोनाचा नाय." सगुणाने नंदकिशोरकडे पाहिलं. ते गोरेमोरे होऊन चष्मा पुसत होते. "बोला, तुळशीचं लगीन झालं की पयला रविवार. चालेल?"

"चालेल!" नंदकिशोर म्हणाले, अर्थातच त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "पण कोणाला सांगायचं नाही हं!"

समोरून सुलक्षणाची खिडकी धाडकन उघडली.

"भावजी, तारीख परत सांगा ना! मिक्सर चालू होता!"