उजमाच्या हातचा चटका

ज्याच्या नुसत्या नावानं मराठवाड्यातले गुन्हेगार चळाचळा कापतात, असा एकच माणूस आहे : मुखेडचे शेषेराव. हे शेषेरावच सांगायचे, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं. बस स्टँडावर चौकशीच्या खिडकीत त्यांची हयात गेली होती. गाडी कधी लागणार हे त्यांनी तिथं कधी कुणाला कळू दिलं नाही. गुपित सांभाळायचा एवढा अनुभव गाठीशी असल्यावर माणूस गुप्तहेर नाही होणार तर काय कीर्तनकार होणार?

जानेवारीतल्या एका सकाळी भांड्यांचे व्यापारी गफूरभाई त्यांना घरी घेऊन गेले. प्रकरण बाका होतं. नवी सून उजमा ज्याच्या हातात पाणी देई, त्याला करंट बसे. सासूबाई बेगमबींनी निकाल देऊन टाकला होता, की पोरीतच काहीतरी आहे, हिला माहेरी धाडा. हिमायतनगरला जायची जीप दारात उभी होती. नवरा अकरम मान खाली घालून बसला होता. त्याला बायको हवी होती, फक्त आईसमोर तसं म्हणायची छाती नव्हती.

बैठकीत मधोमध लातूरहून आणलेला पॉलिस्टरचा गालिचा होता. त्यावर पाय ठेवायची कुणाची बिशाद नव्हती. सगळे कडेनं खुर्च्या टाकून बसत. पाणी आणणाऱ्या सुनेला तेवढी सूट होती.

उजमानं गालिच्यावरून येऊन स्टीलचा पेला पुढं केला. शेषेरावांनी धरला मात्र, चट्ट आवाज झाला आणि पाणी त्यांच्या पँटीवर सांडलं.

"वायरिंग," ते म्हणाले.

मेन स्विच बंद केला. दुसरा पेला आला, दुसरा चटका बसला. शेषेराव डगमगले नाहीत. "मेन बंद, तरी करंट चालू. म्हंजे करंट चोरीचा हाय."

"कुणाचा चोरला?" गफूरभाईंनी विचारलं.

"तपास चालू हाय. बांगड्यात बॅटरी असंल, बांगड्या उतरवा."

बांगड्या उतरल्या. तिसरा पेला आला, चटका बसलाच.

"म्हंजे बॅटरी पोटात हाय," शेषेराव म्हणाले. बेगमबींना हे लगेच पटलं.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. उजमाचे डोळे भरून आले, पण बॅग उचलता उचलता ती थांबली. "काका, तुमी माझे पाय बघितले का?"

"परस्त्रीच्या पायाकडं आपण बघत न्हाई."

"बघा. लोकरीचे मोजे हायेत. टाचेचे डाग पडतील म्हणून अम्मी मला गालिच्यावर मोज्याशिवाय येऊ देत न्हाईत. मोजे गालिच्यावर घासले की त्यांतले इलेक्ट्रॉन गालिच्याकडं जातात अन् माझ्या अंगावर धन प्रभार साचतो. हवा ही अशी कोरडी, त्याला निघून जायला वाटच न्हाई. मग पेल्याला कुणी बोट लावलं की त्याच्या बोटातून इलेक्ट्रॉन उडी मारून येतात. तोच चटका. लग्नाआधी सातवीच्या पोरांना मी हेच शिकवत होते."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?" गफूरभाईंनी विचारलं.

"नव्या सुनेनं तोंड उघडू नये म्हणून सांगितलं होतं ना."

"समदं पुस्तकातलं," बेगमबी फणकारल्या.

"मग अम्मी, तुमीच घालून बघा."

बेगमबींनी नाक मुरडत मोजे चढवले, पेला घेतला आणि पाय ओढत गालिचा ओलांडून गफूरभाईंसमोर उभ्या राहिल्या. चट्ट.

गफूरभाई बोटांवर फुंकर मारत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती शांती पसरली. त्यांनी खिडकीतून आवाज दिला, "जीपवाले, सवारी बदलली. औशाला चलायचं. आमच्या बेगमचं माहेर तिथं हाय."

अकरम पहिल्यांदाच हसला, तेही आईसमोर.

"मला पहिल्यापासून मोज्यांचाच संशय होता," शेषेराव ओली पँट झटकत म्हणाले. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

बेगमबी खाली बसल्या. त्यांनी मोजे काढून कोपऱ्यात भिरकावले, सुनेच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि त्या नव्याकोऱ्या गालिच्यावरून उघड्या टाचांनी चालत ती आत नेऊन ठेवली.