शून्य किलो कचरा

परभणीचं 'आदर्श घर' योजनेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकून कल्याणराव ताडकळसला परतले, ते अंगणात खताचा ड्रम मांडूनच थांबले. आपलं घर शाश्वत अन्नव्यवस्थेचं आदर्श घर होणार, हे त्यांनी भर बाजारात सांगून टाकलं होतं. सोमवारी तपासणीला योजनेच्या प्रियांका मॅडम येणार होत्या.

"शांतम्मा, सुटं सुटं बगायचं न्हाई. समदं एकमेकाला जोडलेलं हाय. कचऱ्याचं खत, खतावर भाजी, भाजीचा पुन्हा कचरा."

"कचरा कुटला?" बायकोनं विचारलं.

अडचण तिथंच होती. शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला जात, देठं आमटीत, कोंडा म्हशीला. कल्याणरावांनी हौसेनं दोडके जाड सोलले, तर शांतम्मांनी सालींची चटणी केली. नासावीत म्हणून पाच किलो वांगी आणली, तर शांतम्मांनी ती चिरून पत्र्यावर वाळत घातली.

"आवो, येवडी वांगी कशाला?"

"व्यवस्थेला लागायलीत," कल्याणराव पुटपुटले.

रविवारी ते बादली घेऊन शेजारच्या माणिकरावांकडं गेले आणि त्यांचं खरकटं मागून आणलं. ड्रममध्ये ओतताना कोंबडीचं हाडूक घरंगळून शांतम्मांच्या पायाशी आलं. रोज लिंगपूजा होणारं, मांसमच्छी वर्ज्य असलेलं घर ते. शांतम्मांनी ड्रम उकिरड्यावर उलटा केला, अंगण धुतलं आणि नवऱ्याला न्हाणीचं दार दाखवलं.

सोमवारी प्रियांका मॅडम आल्या. चटणी-भाकरी खाल्ली, चटणी पुन्हा मागून घेतली. मग फॉर्म काढला.

"रोजचा ओला कचरा किती?"

कल्याणरावांनी मान खाली घातली. "काईच न्हाई."

"अहो, किमान दोन किलो लागतो. कचराच नाही तर कमी काय करणार? अपात्र लिहावं लागेल."

त्या शेजारी गेल्या. माणिकरावांचा ढीग बघून त्यांचं समाधान झालं. तिसऱ्या दिवशी माणिकरावांच्या दारावर 'आदर्श घर' अशी पाटी लागली. कल्याणराव तेव्हापासून मागच्या गल्लीनं ये-जा करत राहिले.

पुढच्या सोमवारी ऐन जेवणाच्या वेळी माणिकराव दारात उभे. हातात बादली, चेहरा उतरलेला.

"मॅडम आज वजन करायला यायल्यात. दीडच किलो भरायलंय. तुमच्याकडं काई उरलंसुरलं हाय का?"

कल्याणराव काही बोलायच्या आत शांतम्मांनी पाट मांडला. "उरलेलं न्हाई. पर जेवून जा, भाऊजी."

माणिकराव जेवले, ताट बोटानं पुसून घेतलं आणि रिकामी बादली उचलून घरी गेले.